शून्य ते शंभर, मार्गे खोदकाम

"माणसाची खरी ओळख त्याच्या बोलण्यावरून होत नाही, वागण्यावरून होत नाही, तो शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंदांत पोचतो, त्यावरून होते!" असं काटासाहेबांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं आणि कप बशीत अशा थाटात ठेवला, की जणू एखाद्या कायद्यावर शेवटची सही केली.

"जाताना उशी घेऊन जा," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "स्कूटरची सीट फाटलीय. परवासारखा स्पंज मागे चिकटवून याल."

शून्यापासून शंभरापर्यंत काटासाहेबांची स्कूटर कधीच गेलेली नव्हती. बेचाळीस हा तिचा आजवरचा उच्चांक, आणि तोही उतारावर, ब्रेक लागला नाही म्हणून. पण ते असो.

काटासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी काट्याकडे बघत आणि मग यांच्याकडे. त्यातून हे नाव पडलं. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः मोजायचं, आणि एकदा शिक्का मारला की तो मागे घ्यायचा नाही, ही त्यांची जीवननिष्ठा. निवृत्त होताना खात्याने त्यांना पितळेचं एक लिटरचं प्रमाणित माप भेट दिलं. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी ते घरच्या स्वयंपाकघरावर चालवायला घेतलं. पाच लिटरच्या कुकरमध्ये चार लिटर आठशे मिलिलिटरच मावतं, हे त्यांनी आठवड्याभरात सिद्ध केलं आणि कंपनीला तसं पत्र टाकलं. दूधवाला त्यांच्या दारावरची घंटा वाजवेनासा झाला. पातेलं ठेवून पळायचा.

तेव्हा पत्नीने मुलीला फोन केला. "यांना काहीतरी काम दे गं. स्वयंपाकघराबाहेरचं."

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळ्यामागच्या वसाहतीत राहायची. जावयाला नुकतीच बढती मिळाली होती आणि त्याला गाडी घ्यायची होती. साधीसुधी नव्हे, बसल्यावर पाठ सीटला चिकटली पाहिजे अशी. मुलीने सांगून टाकलं, "बाबा, तुम्ही सांगाल ती गाडी. तुमच्यासारखं पारखून घेणारं आमच्याकडे कोण आहे?"

काटासाहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे किंचित पाणावले होते. निवृत्तीनंतर त्यांचं मत कोणी मागितलं, असा हा पहिलाच प्रसंग. न मागता त्यांनी पुष्कळांना दिलं होतं. पण त्यात ती मजा नाही.

आता गाड्यांबद्दल त्यांना माहिती नव्हती असं मुळीच नाही. केशकर्तनालयात मिळतील तेवढी गाड्यांची मासिकं ते वीस वर्षं वाचत आले होते. कुठल्या इंजिनाचा टॉर्क किती, कुठली गाडी किती सेकंदांत शंभर गाठते, हे त्यांना तोंडपाठ होतं. न्हावी केस कापता कापता थांबून ऐकायचा आणि त्यामुळे यांचा डावा कल्ला नेहमी उजव्यापेक्षा आखूड असायचा. गाड्यांच्या बाबतीत काटासाहेबांना एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे गाडी चालवायला.

हे गुपित जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, असा त्यांचा समज होता: एक ते स्वतः आणि दुसरा एक वजनकाटा. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी लायसन्स काढलं तेव्हा परीक्षकाने त्यांना वीस पावलं पुढे जायला सांगितलं, तेवढ्यात परीक्षकाला फोन आला, आणि परत येऊन त्याने सही केली. त्या जोरावर साहेबांनी एकदाच खात्याची जीप हाती घेतली. ट्रकच्या वजनकाट्याची तपासणी करायला गेले होते. पुढचा गिअर टाकला असं त्यांचं म्हणणं. जीपचं म्हणणं वेगळं पडलं. ती मागे जाऊन काट्यावर चढली आणि काटेवाल्याची केबिन सोबत घेऊन थांबली. काट्याने दोघांचं मिळून वजन अगदी बरोबर दाखवलं, म्हणून साहेबांनी त्याला तिथल्या तिथे शिक्का मारला. त्यानंतर मात्र ते कायम ड्रायव्हरशेजारी बसले.

खरं म्हणजे जावयाला सांगायचं तर एखादं पोस्टकार्ड पुरलं असतं. पण काटासाहेब दुपारी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना भेटले आणि सहज विचारते झाले, "डॉक्टर, गाडी कुठली घ्यावी?" हा प्रश्न जिन्यात विचारायचा नसतो.

दंतवैद्यांकडे एक जुनी मसल कार होती. काटासाहेबांच्या लग्नाच्याही आधीची, लालभडक, आठ सिलिंडरची, आणि बॉनेट एवढं लांब की गाडी वळायच्या आधी तिची बातमी कोपऱ्यापलीकडे पोचायची. ती सुरू झाली की पहिल्या मजल्याच्या खिडक्या थरथरत. दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या पेशंटचा हलता दात त्या आवाजाने आपोआप पडल्याचंही सांगत. सांगणारे अर्थात दंतवैद्यच. "गाडी म्हणजे आवाज," ते म्हणाले. "बाकी सगळं फर्निचर!"

"फर्निचर?" खालून वकील म्हणाले. ते तळमजल्यावर राहत आणि जिन्यातलं प्रत्येक संभाषण आपल्यालाच उद्देशून आहे असं मानत. त्यांच्याकडे नव्याने घेतलेली आलिशान गाडी होती. सहाशे घोड्यांची ताकद, आणि त्यातल्या एकाचाही आवाज आत येत नसे. सीट पाठ चेपून द्यायची, दार आपलं आपण लागायचं, आणि सकाळी गाडी वकिलांना शुभ प्रभात म्हणायची. घरात दुसरं कोणी म्हणत नसल्यामुळे वकिलांना तिचा लळा लागला होता. "डॉक्टर, तुमच्या गाडीत बसल्यावर माणसाला दातांचं काय, हाडांचं बघावं लागतं."

"दोघांचंही चुकतंय," असं म्हणत विज्ञानाच्या बाई जिना चढून आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण अजून त्या बोलू लागल्या की मोठी माणसं हात मागे बांधून उभी राहत. त्यांची गाडी हायब्रिड. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच वेळी जोर लावणारी. "ब्रेक दाबला की तुमची ताकद वाया जाते. माझी परत जमा होते. आणि पहिल्या पन्नास मीटरांत तुम्हा दोघांना माझी पाटी वाचायला मिळेल. मागची."

पुढची चाळीस मिनिटं जिन्यात जे झालं त्याला चर्चा म्हणायचं तर म्हणा. काटासाहेब मध्ये उभे राहून तिघांचे आकडे टिपून घेत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

"तुम्ही तिघंही पुस्तिकेतले आकडे सांगताय. पुस्तिकेतल्या आकड्याला शिक्का नसतो! तुलना करायची तर एक रस्ता, एक घड्याळ, एक माप. शून्य ते शंभर किती सेकंद, शंभर ते शून्य किती मीटर, आणि तिसरी कसोटी माझी: गाडीच्या डॅशबोर्डावर माझं लिटरचं माप काठोकाठ भरून ठेवायचं. पोचल्यावर जेवढं पाणी उरेल, तेवढा आराम."

ही तिसरी कसोटी जगातल्या कुठल्याही मासिकात नव्हती, आणि ते तिघांनाही जाणवलं.

"पण चालवणार कोण?" दंतवैद्य म्हणाले. "वकील माझी गाडी चालवणार असतील तर मी आधी माझं मृत्युपत्र करतो."

"तेही मीच करून देईन," वकील म्हणाले.

"म्हणजे ड्रायव्हरही एकच हवा," काटासाहेब उत्साहाच्या भरात म्हणाले. "एकाच वजनाचा, एकाच पायाचा. आणि तटस्थ!"

"बरोबर," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीच."

तीन माना एकदम वळल्या. त्या क्षणी काटासाहेबांनी "मला गाडी येत नाही" एवढी चार शब्दांची गोष्ट सांगितली असती, तर ही कथा इथेच संपून आपण सगळे मोकळे झालो असतो. पण एकतीस वर्षांत त्यांनी एकही शिक्का मागे घेतला नव्हता. शिवाय गाड्यांवर इतकी वर्षं एवढं बोलून झालेलं. ज्याने सगळ्या शहराचे काटे तपासले, त्याचाच काटा खोटा निघाला असं उद्या दूधवालासुद्धा म्हणाला असता.

"अर्थात," ते म्हणाले. "मीच."

रविवार ठरला. जागा ठरली बंद पडलेल्या काचकारखान्याचा रस्ता: सरळ, रिकामा, एक किलोमीटर लांब, आणि शेवटी कारखान्याचं कुलूप लावलेलं फाटक. पुढे जायला वाट नाही. काटासाहेबांना तो रस्ता स्वतःच्या परिस्थितीसारखा वाटला.

सुटकेचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग सोमवारी कपाटात सापडला: चारचाकीच्या लायसन्सची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली होती. मुदत संपल्याचा इतका आनंद परिवहन खात्याच्या इतिहासात कोणाला झाला नसेल. ते चेहरा शक्य तितका दुःखी करून वकिलांकडे गेले.

"कायद्यापुढे माझा नाइलाज आहे हो."

"बंद केलेल्या रस्त्यावर?" वकील हसले. "तो सार्वजनिक रस्ताच उरत नाही. लायसन्सचा प्रश्नच येत नाही. हवं तर लेखी अभिप्राय देतो." आणि दिला. दोन पानी, खाली शिक्क्यासकट. "फक्त रस्ता बंद करायची नगरपालिकेची परवानगी तेवढी घ्या."

हा दुसरा मार्ग. काटासाहेब मंगळवारी नगरपालिकेत गेले ते मोठ्या आशेने. त्या इमारतीत रोज शेकडो माणसं होकारासाठी यायची आणि नकार घेऊन जायची. नकार मिळावा म्हणून आलेले हे पहिलेच. खिडकीवर "परवानगी" अशी पाटी होती आणि खिडकी बंद होती. त्यांचं मन हलकं झालं. ते बाकावर बसले. तेवढ्यात खिडकी उघडली आणि आतला कारकून ओरडला, "अहो, काटासाहेब! तुम्ही बाकावर? आत या, आत या!"

कारकुनाच्या वडिलांचं एके काळी धान्याचं दुकान होतं. "तुम्ही आमचा काटा जप्त केला होता, साहेब. वडिलांनी नवा आणला आणि त्यानंतर गिऱ्हाईक दुप्पट झालं. ते नेहमी म्हणायचे, त्या माणसासाठी काही करता आलं तर कर. बोला, काय हवंय?"

चांगलं काम कधी अंगावर उलटेल सांगता येत नाही. काटासाहेबांनी क्षीण आवाजात सांगितलं, "रस्ता बंद करायचाय. गाड्यांची तुलना करायला. पण तुमच्या नियमांत बसत नसेल, तर मी मुळीच आग्रह करणार नाही."

"तुलना..." कारकुनाने फॉर्मवरून बोट फिरवलं. "रस्ता बंद करायला चार कारणं चालतात. मिरवणूक, सभा, चित्रीकरण, खोदकाम. तुलना नाही."

"मग राहिलं!" काटासाहेब उठलेच.

"थांबा हो. असं कसं राहील? मिरवणुकीला पोलिसांचा दाखला लागतो, दोन महिने. सभेला विषय लागतो. चित्रीकरणाला नटी लागते. खोदकामाला काहीच लागत नाही! खोदकाम टाकतो."

"पण मी खोदणार नाहीये."

"खोदकामाची परवानगी घेऊन कोण खोदतं, साहेब?"

काटासाहेबांनी तिथूनच वकिलांना फोन लावला. वकील म्हणाले, "कारण काय लिहिलंय त्याला काही अर्थ नसतो. रस्ता बंद झाला की झालं. करा सही."

कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "नाव, पत्ता, तारीख भरा. बाकीचे रकाने कोणी भरत नाही, मोकळे सोडा."

आणि इथे काटासाहेबांच्या हातून ती चूक झाली, जी या शहरात दुसऱ्या कोणाच्याही हातून झाली नसती. रकाना मोकळा सोडणं त्यांना जमेना. एकतीस वर्षं मोकळ्या रकान्यावरून त्यांनी लोकांना नोटिसा दिल्या होत्या. "खोदकामाची लांबी" असं छापलेलं होतं. त्यांनी डोळे मिटून रस्ता आठवला आणि भरली. रुंदी भरली. "खोली" या रकान्यापाशी ते थबकले. शून्य लिहावं तर खोदकाम कसलं, आणि खोटं लिहिणं तत्त्वात बसेना. म्हणून त्यांनी खात्याच्या नियमावलीत कुठेतरी वाचलेली पाइपची प्रमाणित खोली लिहिली: एक मीटर वीस सेंटीमीटर. तत्त्व सांभाळल्याचं त्यांना समाधान वाटलं. खाली टीप लिहिली, "मापे अर्जदाराने स्वतः पडताळली आहेत." आणि सही.

अकरा मिनिटांत परवानगी हातात पडली. वरची प्रत त्यांना, पिवळी प्रत दप्तरी, आणि गुलाबी प्रत कारकुनाने एका खोक्यात टाकली.

"ती कुठे जाते?"

"पाणीपुरवठ्याला. तिकडे कोणी बघत नाही."

उरलेले दिवस काटासाहेबांनी सराव केला. हॉलमध्ये खुर्ची मांडून, हातात ताट धरून, जमिनीवर कुकरचं झाकण, खलबत्ता आणि इस्त्री असे तीन पेडल ठेवून ते दुपारी दार लावून बसत. शुक्रवारी दार उघडलं आणि पत्नी आत आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

"क्लच डावीकडे असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही इस्त्रीवर पाय ठेवलाय. ती ॲक्सिलरेटर आहे."

ताट हातातून हळूच खाली आलं. "तुला... माहीत आहे?"

"लग्न ठरलं तेव्हाच. माझे मामा त्या काट्यावर केबिनीत बसायचे."

ज्या माणसाला त्यांनी केबिनीसकट उचललं होतं, त्याचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"सांगून टाका ना हो सगळ्यांना," पत्नी म्हणाल्या. "काय होईल?"

"काय होईल? मुलीने मला विचारलंय. 'तुम्ही सांगाल ती गाडी' म्हणालीय. आता मी काय सांगू, की तुझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढली आणि स्वतः...?" पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "एकदा तरी कोणीतरी विचारलंय गं."

पत्नींनी दुसरी खुर्ची ओढली, शेजारी मांडली आणि त्यात बसल्या. "बरं. मग चला. आधी क्लच दाबा. नाही, तो खलबत्ता. झाकण दाबा."

रविवारी सकाळी सात वाजता काचकारखान्याच्या फाटकापाशी तीन गाड्या एका रांगेत उभ्या होत्या. लाल गाडी नुसती उभी असतानाही रागावल्यासारखी दिसत होती. वकिलांची काळी गाडी इतकी चकचकीत होती की काटासाहेबांना तीत स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्यांना आवडला नाही. बाईंची पांढरी गाडी चालू होती की बंद, ते कोणालाच कळत नव्हतं. "चालू आहे?" काटासाहेबांनी विचारलं. "केव्हाची!" बाई म्हणाल्या. काटासाहेबांची स्कूटर फाटकाला टेकवून ठेवली होती, उशीसकट.

वयाच्या मानाने पहिला मान लाल गाडीचा. काटासाहेब आत बसले. डॅशबोर्डावर पितळी माप काठोकाठ भरून ठेवलं. दंतवैद्यांनी खिडकीतून वाकून किल्ली फिरवली. आधी जमीन हलली, मग आवाज आला. फाटकावरची कबुतरं उडाली. माप थरथरलं आणि त्यातलं पाणी काटासाहेबांच्या मांडीवर आलं.

"ऐकलंत?" दंतवैद्य ओरडले.

"गाडी जागेवर असताना," काटासाहेबांनी वहीत लिहिलं, "शिल्लक पाणी अदमासे आठशे मिलिलिटर." गाडी थरथरत असल्यामुळे आठ नऊसारखा दिसत होता. त्यांनी झाकणावर, म्हणजे क्लचवर पाय दाबला आणि पहिला गिअर टाकला. समोर एक किलोमीटर रस्ता होता. आपल्या निवृत्तिवेतनाचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, हे पत्नीला सांगायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

"तयार?" बाईंनी घड्याळ उंच धरलं. "तीन... दोन..."

आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पिवळं काहीतरी दिसलं.

ते जवळ येत गेलं. खोदकामाचं यंत्र होतं. त्याच्यामागे पाइपांनी भरलेला ट्रक, त्याच्यामागे फावडी घेतलेली आठ माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे हातात गुलाबी कागद नाचवत येणारा मुकादम. गाड्यांपासून पंधरा-वीस पावलांवर, रस्त्याच्या बरोबर मधोमध येऊन यंत्र थांबलं. मुकादम तेवढा पुढे आला.

"खोदकामाचे अर्जदार कोण?"

काटासाहेबांनी गाडीच्या खिडकीतून हळूच बोट वर केलं.

मुकादमाने चक्क सलाम ठोकला. "साहेब, नऊ वर्षं या लायनीचे पाइप आमच्या आवारात पडून आहेत. अर्ज कोणी करायचा यावर फाइल अडली होती. आणि आपण अर्ज केलात! वर खोलीसुद्धा भरलीत! आमचे इंजिनिअर म्हणाले, एवढा पूर्ण भरलेला फॉर्म मी नोकरीत पाहिला नाही. मापं पडताळलेली आहेत म्हणताय, मग उशीर कशाला? ताबडतोब निघा म्हणाले."

आणि त्याने मागे वळून हात हलवला. यंत्राचा दात रस्त्यात रुतला.

त्या आवाजाने काटासाहेबांच्या अंगातून काहीतरी निघून गेलं. आपलं वजन एका क्षणात चार किलोंनी कमी झालं असावं, असा त्यांनी अंदाज केला; जवळ काटा असता तर त्यांनी ते सिद्धही करून दाखवलं असतं. त्यांनी क्लचवरून पाय काढला. लाल गाडी एक उडी मारून बंद पडली आणि उरलेलं पाणीही मांडीवर आलं. इतकं गार, इतकं गोड पाणी अंगावर पडल्याचं त्यांना आठवेना.

"अहो, थांबवा त्यांना!" दंतवैद्य ओरडत होते. "आमच्या गाड्या आत आहेत!"

वकिलांनी गुलाबी कागद हिसकावून घेतला. वाचला. पुन्हा वाचला. "कागद निर्दोष आहे," ते खोल आवाजात म्हणाले. "आव्हान देता येणार नाही. कोणी सल्ला दिला तुम्हाला खोद..." आणि ते मध्येच थांबले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"चर किती दिवस राहणार?" बाईंनी मुकादमाला विचारलं.

"हा? पाच-सहा दिवस. लाइन पुढे जाणार ना. शेवटपर्यंत."

"शेवट कुठे?"

"तळ्यामागच्या वसाहतीत. सगळ्या गल्ल्या घ्यायच्यात. दुसरी तुकडी तिकडून खोदत येतेय."

हे वाक्य काटासाहेबांनी ऐकलं नाही. ते पँट पिळत होते.

चरावर एक फळी टाकण्यात आली. फळीची रुंदी एक वीत. तिच्यावरून एकच वाहन जाऊ शकत होतं, आणि ते फाटकाला टेकून उभं होतं. तीन गाड्यांची मिळून दीड हजारावर घोड्यांची ताकद मागे ठेवून काटासाहेबांनी स्कूटरला किक मारली. सहाव्या किकला ती सुरू झाली. आधी विज्ञानाच्या बाईंना सोडलं. त्या वाटेत एवढंच म्हणाल्या, "यात ब्रेक दाबला की काय होतं?" "काही नाही," काटासाहेब खरं तेच बोलले. मग वकिलांना सोडलं. पाठ चेपून घ्यायची सवय असलेले वकील उशीवर अवघडून बसले होते. मात्र उतरताना मान्य करून गेले, की इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीचा हा कोपरा कोणी हलवला नव्हता.

तिसऱ्या खेपेला काटासाहेब परत आले तेव्हा दंतवैद्य एकटेच लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आणि मुकादम त्यांच्यासमोर.

"अर्जदारसाहेब, बरं झालं आलात. यंत्र वळवायचंय. तेवढी ही लाल गाडी दहा फूट मागे घेता का?"

"घ्या," दंतवैद्य रागाने म्हणाले आणि किल्ली पुढे केली. "तुम्हीच घ्या. सगळं तुमचंच चाललंय."

काटासाहेबांनी किल्लीकडे पाहिलं. दहा फूट. मागे. म्हणजे नेमकं तेच, जे त्यांनी आयुष्यात एकदा केलं होतं. मागे कारखान्याचं फाटक होतं आणि फाटकाला लागून पहारेकऱ्याची केबिन. पण सकाळपासून अंगात एक हलकेपणा भरला होता आणि तो पुन्हा जड करून घ्यावा असं त्यांना वाटेना.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मला गाडी येत नाही."

"काय येत नाही?"

"गाडी. चालवता. कधीच आली नाही. लायसन्स वीस पावलांचं आहे."

दंतवैद्य त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. इतरांची उघडून बघायची सवय, त्यामुळे स्वतःचं बंद करायचं राहून गेलं. मग त्यांनी मुकादमाकडे पाहिलं, काटासाहेबांच्या जवळ आले आणि आवाज एकदम खाली आणला.

"कोणाला सांगू नका. हिचा मागचा गिअर पडत नाही. अकरा वर्षं झाली. म्हणून मी नेहमी दवाखान्यावरून लांबचा वळसा घालून येतो. लोक म्हणतात, मिरवतो."

आधी काटासाहेबांना हसू आलं, मग दंतवैद्यांना आलं, आणि काय झालंय ते न कळताही मुकादमाला आलं. शेवटी आठ माणसांनी फावडी खाली ठेवली आणि ती गाडी ढकलत दहा फूट मागे नेली. आवाज अजिबात झाला नाही.

"वजन किती असेल हो हिचं?" ढकलता ढकलता मुकादमाने विचारलं.

"पुस्तिकेत सोळाशे ऐंशी किलो आहे," काटासाहेब म्हणाले. "पण मी मोजलेलं नाही."

संध्याकाळी त्यांनी मुलीसाठी अहवाल लिहिला. तो लांबलचक नव्हता. "तिन्ही वाहनांची एकाच रस्त्यावर तपासणी करण्यात आली. चराच्या काठी तिन्हींचा वेग सारखाच, म्हणजे शून्य, आढळला. आवाज, आराम व विजेची बचत यांत प्रत्येकीची बाजू खरी आहे. तपासणी करणाऱ्यास वाहन चालवता येत नसल्यामुळे पुढील निष्कर्ष काढलेला नाही." शेवटचं वाक्य त्यांनी लिहिलं, खोडलं नाही, आणि खाली सही केली. पत्नीने वाचलं आणि चहात साखर एक चमचा जास्त घातली. त्यांनी ती मोजली नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. उत्तर नाही. काटासाहेब फोनच्या आसपासच घुटमळत होते. बुधवारी सकाळी तो वाजला.

"बाबा, अहवाल मिळाला," मुलगी म्हणाली. "आम्ही दोघांनी दोनदा वाचला. हे म्हणाले, एवढं खरं कोणी लिहीत नाही."

काटासाहेबांची छाती पितळी मापासारखी काठोकाठ भरली. "मग? कुठली ठरली?"

"कुठली कसली बाबा! कोणा शहाण्याने अर्ज केलाय म्हणे, आमची सगळी वसाहत खोदून ठेवलीय. दारापुढे चर. सहा महिने गाडी आत येणार नाही की बाहेर जाणार नाही. तो माणूस सापडला तर मी..."

"शोधू नकोस," काटासाहेब घाईने म्हणाले. "अशी माणसं सापडत नाहीत. बरं, मी काय करू सांग. निकष पुन्हा काढू? नव्याने तक्ता करू?"

"तसलं काही नको हो. फळीवरून जाईल असं काहीतरी हवंय." पलीकडे जावयाचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. "बाबा, तुमची स्कूटर मिळेल का थोडे दिवस? आणि हे विचारताहेत, ती उशीपण?"